चार बारीक तारा

श्रेणिक मगदूम गेला तेव्हा त्याच्या छातीतली चिप चालूच होती. खोलीतल्या संगणकाकडून पुढची सूचना येईल म्हणून ती शेवटपर्यंत वाट बघत राहिली. सूचना आली नाही. संगणकातलं कार्ड बंद पडलं होतं आणि त्याच्या कडेला वितळलेलं प्लास्टिक ओघळून काळं, कडक झालं होतं.

ते कार्ड त्याच्या धाकट्या बहिणीनं, सन्मतीनं, बसवलं होतं.

'प्रतिहृदय' तेव्हा नवंनवं घराघरात येत होतं. त्याआधीची हृदयाची यंत्रं ठोका चुकल्यावर जागी व्हायची. प्रतिहृदयाची गोष्ट वेगळी होती. रुग्णाच्या छातीतली चिप त्याच्या हृदयाची क्षणाक्षणाची मोजमापं कार्डाकडे पाठवायची. कार्डात त्याच माणसाच्या हृदयाची गणिती प्रतिकृती चाललेली असायची, आणि ती खऱ्या हृदयाच्या काही सेकंद पुढे धावायची. पुढे खड्डा आहे असं प्रतिकृतीला दिसलं की कार्ड चिपला सांगायचं, अमुक जागी, अमुक क्षणी एक हलका झटका दे. खड्डा यायच्या आधीच हृदय त्याला वळसा घालून जायचं. उत्तर यायला क्षणाचाही उशीर चालणार नव्हता, शिवाय हृदयाची माहिती घराबाहेर पाठवायला कायद्यानं बंदी होती. म्हणून ज्याचं हृदय आजारी, त्याच्या घरी डेस्कटॉप आणि त्यात हे कार्ड.

हृदय शांत असलं की कार्ड फारशी वीज खात नसे. पण ठोका अडखळू लागला की त्याला एकाच वेळी हजारो शक्यता चालवून बघाव्या लागत. कुठला झटका तारेल आणि कुठला मारेल, हे ठरवायचं असे. तेव्हा ते सहाशे वॅटच्या आसपास ओढायचं. म्हणजे माणसाला ज्या क्षणी कार्डाची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी कार्डाला विजेची सगळ्यात जास्त गरज.

श्रेणिक मिरजेतल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. बापाकडून आलेल्या हृदयाच्या आजारानं त्याला चाळिशीत गाठलं. त्याच्या घरी एक जुना डेस्कटॉप होता, आणि सन्मती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. कार्ड बसवायला दुसरं कोणी बोलवायचा प्रश्नच नव्हता.

कॅबिनेट उघडून ती बराच वेळ नुसती बघत बसली.

"काय झालं गं?" श्रेणिकनं विचारलं.

"आण्णा, कार्डाला सोळा पिनांचा कनेक्टर आहे. तुझ्या संगणकाला वीज देणाऱ्या सप्लायला तसली वायरच नाही. आठ पिनांच्या दोन आहेत."

"खोक्यात आहे की अडॅप्टर. दोन्हीकडं बसतोय."

"बसतोय ते दिसतंय मला. बसणं वेगळं आणि झेपणं वेगळं. सप्लाय आठशे वॅटचा आहे, एकूण वीज पुरेशी आहे. पण या दोन वायरींतून तेवढी जायला पाहिजे ना."

तिनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. सप्लायचं नाव, वायरींची संख्या, सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस आत जाऊन विचारून आला. "मॅडम, अडॅप्टर प्रमाणित आहे. सातशे वॅटच्या वरच्या कुठल्याही सप्लायला चालतो. निर्धास्त लावा."

तिनं तो लावला. खट् आवाज होईपर्यंत दाबला, मग बोटांनी ओढून पाहिला, पुन्हा दाबला.

"अगं, आता कॅबिनेट उपटून काढशील," श्रेणिक हसला.

कित्येक महिने सगळं उत्तम चाललं. श्रेणिक पुन्हा मैदानावर जाऊ लागला. आणि मग एका दुपारी, त्याची बायको त्रिशलावहिनी दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला आणि मुलगी आर्या शाळेत असताना, त्याचं हृदय पहिल्यांदाच खरोखर बिघडलं. कार्डानं पूर्ण ताकद मागितली, आणि कनेक्टर जळला.

कंपनीची माणसं सांत्वनाला आली. जाताना कार्ड आणि अडॅप्टर तपासायला म्हणून घेऊन गेली. अहवाल आला तो एवढाच: कनेक्टर पूर्ण आत बसवलेला नव्हता, जोडणाऱ्याची चूक.

वहिनीनं तो सगळ्यांसमोर वाचला. सोप्यात दुखवट्याला आलेले पाहुणे बसलेले होते.

"वहिनी, मी तो पूर्ण दाबला होता. आण्णाच्या समोर."

"ज्याच्या समोर दाबलास तो सांगायला आहे का आता?" त्रिशला म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "तू इंजिनिअर ना? आम्ही कुणालातरी पैसे देऊन बसवून घेतलं असतं. तू म्हणालीस, मी बसवते."

त्यानंतर त्या घराचं दार सन्मतीला उघडलं नाही. आर्या तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पण रस्त्यात आत्या दिसली की ती मान खाली घालून पलीकडून जाऊ लागली.

सन्मतीनं तसाच दुसरा अडॅप्टर मिळवला आणि ब्लेडनं उभा चिरला.

सोळा पिनांतल्या बारा जाड असतात. सहांमधून वीज जाते, सहांमधून परत येते. उरलेल्या चार बारीक. त्यांतून वीज वाहत नाही, निरोप जातो. मागे किती वॅट देणारं कोणी आहे, हे कार्ड सुरू होण्याआधी या बारीक तारांवरून वाचतं. त्यातल्या दोन ग्राउंडला, म्हणजे परतीच्या तारेला, जोडलेल्या दिसल्या की कार्ड समजतं, सहाशे आहेत, बिनघोर ओढ. नसतील तर ते आपली भूक आवरतं, नाहीतर सुरूच होत नाही. प्रामाणिक अडॅप्टर मागच्या बाजूला आठ पिनांच्या किती वायरी लागल्यात ते बघून निरोप पाठवतो. दोन असतील तर तीनशे सांगतो.

या अडॅप्टरमध्ये त्या दोन तारा आतल्या आत ग्राउंडला कायमच्या डकवलेल्या होत्या. मागे काहीही असो, तो सहाशेच सांगणार. तीनशेसाठी केलेल्या वाटेनं दुप्पट प्रवाह गेला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. एखादी पिन जराशी सैल असली की तिचा वाटा शेजारणींवर पडतो. मग प्लास्टिक मऊ होतं, पिना हलतात, आणखी तापतात. शेवटी व्होल्टेज ढासळतं आणि कार्ड डोळे मिटतं.

ही चूक नव्हती. चुकून कोणी तार डकवत नाही.

तिनं ग्राहक मंचात दाद मागितली. कंपनीतर्फे तिथं प्रद्युम्न हेर्लेकर उभा राहिला. विद्युत विभागाचा मुख्य अभियंता, अडॅप्टरच्या प्रमाणपत्रावर सही त्याचीच. पिकलेले केस, शांत आवाज. त्यानं चिरलेला अडॅप्टर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "रचना अशीच ठेवलेली आहे. जास्त प्रवाह गेला तर सप्लाय स्वतःच बंद होतो, ती त्याची जबाबदारी. अडॅप्टर नीट बसवला तर पूर्ण सुरक्षित आहे."

सन्मतीच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही स्वतःच्या घरी लावाल?"

"माझ्या माणसासाठी हे कार्ड घ्यायची वेळ आली तर मी हाच अडॅप्टर लावेन. शपथेवर सांगतो."

वहिनी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. दावा फेटाळला गेला. बाहेर पडताना हेर्लेकर सन्मतीजवळ थांबला, आणि खरोखरच कळवळल्यासारखा बोलला, "सांभाळा स्वतःला. घाईत होतं असं कधीकधी. फार मनाला लावून घेऊ नका."

ते वाक्य तिच्या अंगात काट्यासारखं राहिलं. तो खोटं बोलला याचा राग होताच, पण त्यानं तिला क्षमा केली होती, आणि ते तिला सहन होत नव्हतं. तिच्याच भावाच्या मरणाबद्दल, तिच्याच तोंडावर.

पुढे आणखी काही घरांत कनेक्टर वितळले. दरवेळी तेच उत्तर, जोडणाऱ्याची चूक. आरडाओरड वाढली तसा सरकारनं नियम केला: तपासनिसानं जोडणी बघितल्याशिवाय घरात प्रतिहृदय सुरू करायचं नाही. तपासणीचं चित्रण सक्तीचं. सन्मतीनं शिकवण्याची नोकरी सोडली आणि तपासनिसाची परीक्षा दिली. मैत्रिणी म्हणाल्या, बरं झालं, लोकांचे जीव वाचवशील. तिला जीव वाचवायचे नव्हते. कधीतरी, कुठल्यातरी कॅबिनेटमध्ये, त्या माणसाचा खोटेपणा उघडा पडलेला तिला बघायचा होता. त्यासाठी जिल्ह्यातली सगळी कॅबिनेटं उघडावी लागली तरी तिची तयारी होती.

वर्षं गेली. तिचे केस कानाशी पांढरे झाले.

आणि एका सकाळी कामांच्या यादीत नाव आलं: मंदाकिनी हेर्लेकर, पन्हाळा. घरमालक प्रद्युम्न हेर्लेकर.

ज्याच्याशी आपलं वैर आहे त्याच्या घरचं काम घेऊ नये, असा नियम होता. सन्मतीनं 'स्वीकारलं' हे बटण दाबलं.

गाडी घाट चढत होती तसं तिचं मनही एकेक वळण चढत गेलं. हेर्लेकरच्या घरी अडॅप्टर असणारच, शपथेवर बोलला होता तो. अडॅप्टर अजून प्रमाणितच होता. तिनं तो पाहून 'योग्य' असा शेरा मारला तर तिला कोणी बोट लावू शकणार नव्हतं. मग नुसतं थांबायचं. एक ना एक दिवस त्या बाईचं हृदय अडखळेल, कार्ड पूर्ण ताकद मागेल. हेर्लेकरच्या बायकोचा जीव जाईल, आणि अहवाल येईल: जोडणाऱ्याची चूक. जोडणारा कोण? नवरा.

हा विचार तिनं झटकून टाकला नाही. गडाच्या वाटेला लागेपर्यंत ती तो चघळत राहिली, आणि तिला तो गोड लागला.

दार हेर्लेकरनंच उघडलं. अंगात स्वेटर, आता पाठ जराशी वाकलेली. सन्मतीनं गळ्यातलं ओळखपत्र मुद्दाम पुढे केलं. मगदूम हे नाव वाचून तो दचकेल, असं तिला वाटत होतं.

"या, या. सकाळपासून वाट बघतोय," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

त्याला काही आठवलं नव्हतं. तो तिला विसरून गेला होता.

आतल्या खोलीत खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत मंदाकिनीबाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. ओठांना निळसर झाक, पण डोळे तल्लख. चिप बसवून झाली होती, कार्ड सुरू व्हायचं तेवढं बाकी होतं.

"चहा घेणार, का आधी माझं काळीज उघडणार?" त्यांनी विचारलं.

सन्मतीला हसू आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचा राग आला. "आधी काम करते, ताई."

तिनं कपाळावरचा कॅमेरा सुरू केला. "ही तपासणी चित्रित होतेय. हरकत नाही ना दोघांची?"

"नाही, नाही," हेर्लेकर म्हणाला. "नियमच आहे तो."

तिनं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि वाकली. मग तशीच वाकून राहिली.

आत अडॅप्टर नव्हता. बाराशे वॅटचा कोराकरकरीत सप्लाय होता, आणि त्यातून सोळा पिनांची अखंड वायर थेट कार्डापर्यंत आलेली होती. वायरीला कुठं मुरड नाही, कनेक्टर काठोकाठ बसलेला. इतकी नेटकी जोडणी तिनं कुठल्याही घरात पाहिली नव्हती.

कार्डाचं रिकामं खोकं बाजूच्या फळीवर होतं. तिनं ते उघडलं. तळाशी अडॅप्टर होता. पिशवीचं सीलही फोडलेलं नव्हतं.

स्वतःच्या माणसासाठी त्यानं तो लावलाच नव्हता. घाटात रचलेलं सगळं आता निरुपयोगी होतं, आणि त्याची गरजही उरली नव्हती.

"सप्लाय नवीन घेतलाय," ती म्हणाली.

"हो."

"जुना किती वॅटचा होता?"

"साडेआठशे."

"मग पुरेसा होता की. तुमच्याच कंपनीचा अडॅप्टर आहे सोबत."

"आता नवीन घ्यायचाच होता. बरा असतो नवीन." हेर्लेकर हसला. "तुम्ही तपासा ना. सगळं नियमात आहे."

सन्मतीनं पिशवीचं सील फोडलं.

"काय करताय?"

"कार्डासोबत आलेला प्रत्येक भाग चालवून बघायचा अधिकार आहे मला. जुना सप्लाय आणा. आठ पिनांच्या वायरी किती आहेत त्याला?"

"दोन."

"चालेल. अडॅप्टर लावून सुरू करू. प्रमाणित आहे तो."

ती कार्डाच्या वायरीकडे हात नेणार, तेवढ्यात हेर्लेकरनं तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताची पकड, पण घट्ट.

"नको."

"का?"

"नको म्हणतोय ना मी."

"अहो, हात सोडा त्यांचा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मंदा, तू मध्ये पडू नकोस."

"माझ्या काळजाला काय लावायचं ते ठरतंय ना इथं? मग मी मध्येच आहे. त्यांनी विचारलंय, का नको. मलाही ऐकायचंय."

हेर्लेकरनं मनगट सोडलं. त्याची नजर सन्मतीच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याकडे गेली, तिथून बायकोच्या निळसर ओठांकडे गेली. सन्मती अडॅप्टर हातात घेऊन उभी होती. ती पुन्हा कार्डाकडे वाकली.

"तो धोक्याचा आहे," तो म्हणाला.

"कशानं?"

"मागं तीनशेच असले तरी सहाशे सांगतो."

"आणि सप्लाय बंद होतो ना स्वतःहून?"

"जुना होत नाही वेळेवर. त्याआधी कनेक्टर जातो." शब्द आता आपोआप येत होते. बरीच वर्षं एका जागी दाबून ठेवलेला माणूस सुटावा तसे.

"हे मंचासमोर का नाही सांगितलंत? तिथं शपथ घेतली होतीत. म्हणाला होतात, माझ्या माणसासाठी मी हाच लावेन."

आता कुठं त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखपत्राकडे, मग चेहऱ्याकडे. "तुम्ही... मिरजेच्या त्या."

"श्रेणिक मगदूमची बहीण."

"कोण श्रेणिक?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

सन्मतीनं सांगितलं. खेळाचा शिक्षक होता, असाच आजार होता, असंच कार्ड होतं, हाच अडॅप्टर. बसवला मी. मारला मी, असं सगळे म्हणतात. त्याची बायको म्हणते, मुलगी म्हणते. सांगताना ती रडली नाही. एकेक शब्द ती हेर्लेकरच्या समोर ठेवत गेली.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मंदाकिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तो मुलगा गेल्यावर, की आधी?"

"चाचण्यांमध्ये दिसलं होतं. मंदा, तू समजून घे. नवीन सप्लाय घ्या असं सांगितलं असतं तर निम्म्या लोकांनी कार्डच घेतलं नसतं. कार्डाविना त्यातले किती गेले असते? आम्ही हिशेब केला होता. अडॅप्टरनं थोडे दगावणार होते, पण वाचणार होते कितीतरी जास्त. आकडा बघितला तर तोच निर्णय बरोबर होता."

"असेल," त्या म्हणाल्या. "मग माझ्यासाठी तो आकडा का नाही बघितला तुम्ही?"

हेर्लेकर भिंतीला टेकला.

या क्षणाची सन्मतीनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आपण हसू, थुंकू, काहीतरी करू, असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात ती खाली बसली आणि काम पूर्ण केलं. अडॅप्टर पिशवीत घालून पुरावा म्हणून सीलबंद केला. हेर्लेकरच्या नेटक्या जोडणीतली एकेक पिन तपासली, शेरा मारला 'योग्य', आणि प्रतिहृदय सुरू केलं.

पडद्यावर मंदाकिनीबाईंचं हृदय उमटलं. ते शांत नव्हतं. नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीनं ते धडपडत होतं, ठोका अडखळू लागला होता. कार्डाचे पंखे भणाणले. आकडा चढत गेला: चारशे, पाचशे, साडेपाचशे. सन्मतीनं न राहवून कनेक्टरला बोट लावलं. तो जेमतेम कोमट होता. पडद्यावर ठोका वळसा घेऊन पुन्हा वाटेला लागला. मंदाकिनीबाईंनी दीर्घ श्वास घेतला, त्यांच्या ओठांवर रंग आला.

आण्णाला एवढंच पाहिजे होतं. एक धड वायर. तेव्हा कुठं सन्मतीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं कॅमेरा बंद केला आणि कॅबिनेटच्या आड तोंड करून रडून घेतलं. चहा न घेताच ती निघाली.

ते चित्रण तिनं त्याच दिवशी वर पाठवलं. वैर लपवून काम घेतलं म्हणून तिला ठपका मिळाला, आणि काही काळ घरी बसावं लागलं. हेर्लेकरच्या वकिलानं खूप आदळआपट केली. पण नियमानुसार संमतीनं झालेलं चित्रण होतं, आणि त्यात आवाज त्याचाच होता. अडॅप्टरचं प्रमाणपत्र रद्द झालं, घराघरातून ते गोळा झाले. जुनी सगळी प्रकरणं पुन्हा उघडली. प्रत्येक अहवालातून 'जोडणाऱ्याची चूक' हे शब्द खोडले गेले. कंपनीनं सगळं हेर्लेकरवर ढकललं आणि हात झटकले. त्याला शिक्षा झाली. अपील चालू आहे, वयामुळं जामीन मिळाला, पण तालुका सोडायची परवानगी नाही. गडावर त्याच्या घरी आता कुणी जात नाही.

त्रिशलावहिनी आली, आर्याला घेऊन. आर्या आता उंच झाली होती, श्रेणिकसारखीच. दोघी दारातच उभ्या राहिल्या.

"घरी ये," वहिनी म्हणाली. "आर्याचा वाढदिवस आहे."

"इतकी वर्षंही होतेच की वाढदिवस, वहिनी."

"माहितीय मला. मला कुणावर तरी राग काढायचा होता, सन्मती. तू जवळ होतीस."

"मीही राग काढलाय. तो सोपा असतो, हे कळतं मला." सन्मतीनं आर्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो पोरीनं झटकला नाही. "हिला पाठवत जा माझ्याकडं. मी तुझ्या घरात पाऊल टाकीन, पण आज नाही. आज मला जमणार नाही."

वहिनी मान हलवून गेली. आर्या मात्र थांबली आणि संध्याकाळपर्यंत आत्याच्या घरातली यंत्रं उचकून बघत बसली.

प्रतिहृदयाची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. हेर्लेकरांच्या घराचं काम कार्यालयानं अर्थातच दुसऱ्याला दिलं होतं. पण तपासनीस निवडायचा हक्क रुग्णाला असतो. मंदाकिनीबाईंनी कार्यालयात फोन केला आणि वर्गात बोलावं तसं ठणकावून सांगितलं, "मला मगदूमबाईच पाहिजेत. दुसरं कुणी आलं तर दार उघडणार नाही मी."

म्हणून सन्मती दरवर्षी घाट चढते. दार हेर्लेकरला उघडावं लागतं, दुसरं माणूस घरात नाही. मंदाकिनीबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. सन्मतीशी मात्र पोटभर गप्पा मारतात, आणि आता ती त्यांच्याकडचा चहा घेते. काम अर्ध्या तासाचं असतं. सन्मती त्याला अख्खी सकाळ लावते. वायर काढते, पुसते, पुन्हा लावते. बारा जाड पिना एकेक करून बघते. मग चार बारीक.

यंदा गेली तेव्हा तिनं त्याच्या हातात बॅटरी दिली. "इथं धरा. हलवू नका."

तो गुडघ्यावर बसला. हाडं कटकन वाजली. सांगितलं तिथं प्रकाश धरून राहिला. बऱ्याच वेळानं खालच्या आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यानं विचारलं, "अजून किती वर्षं येणार आहात तुम्ही?"

सन्मतीनं पडद्याकडे पाहिलं. मंदाकिनीबाईंचं हृदय एका लयीत, न अडखळता चाललं होतं.

"ताईंची तब्येत छान आहे, हेर्लेकर साहेब," ती म्हणाली. "बरीच वर्षं. उजेड जरा खाली घ्या."